दरी वाचली, पठाराचे काय?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोराडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही दरी पाहण्यासाठी दरवर्षी सुमारे ५० लाख माणसे जातात. चारशेहून अधिक किलोमीटर लांबीची आणि सुमारे दीड किलोमीटर खोलीची ही दरी आहे. तिच्या कड्यावर उभा राहिलेला माणूस क्षणभर अवाक् होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु दरीकडे तोंड करून उभ्या असलेल्या या पन्नास लाखांची पाठ कशाकडे असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांची पाठ असते पठाराकडे. ज्या पठारावरून ते मोटारीने आले, जे त्यांना कंटाळवाणे वाटले, ज्याचे नावही त्यांना ठाऊक नाही, त्या पठाराकडे. या लेखाचा विषय ती पाठ फिरवलेली भूमी हा आहे.

एखाद्या दूरदेशीच्या माळरानाची चिंता आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी का करावी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. त्या पठारावर गेली दीडशे वर्षे जे घडले, त्यात भूमी, श्रम आणि सत्ता यांचे नाते इतके स्पष्ट दिसते की ते वाचण्यासाठी भिंग लागत नाही. शिवाय त्या कथेत खलनायक केवळ खाणमालक नाही. निसर्गावर प्रेम करणारे सज्जन मध्यमवर्गीयही तिच्यात आहेत. आणि थोडे प्रामाणिकपणे पाहिले तर आपणही आहोत.

पठार म्हणजे उरलेली जागा नव्हे

प्रथम त्या भूमीची ओळख करून घेऊ. दरीच्या दक्षिणेस कोकोनिनो पठार आहे. उत्तरेस कैबाब पठार, त्याच्या पश्चिमेस कॅनॅब, उइनकारेट आणि शिव्हविट्स ही पठारे. ईशान्येस हाउस रॉकचे रुंद, उघडे खोरे. यांच्यापैकी कैबाब सर्वांत उंच, जवळजवळ नऊ हजार फुटांवर गेलेले. पायूट लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘आडवा पडलेला डोंगर’ असा सांगतात, आणि याहून नेमके वर्णन भूगोलाच्या पुस्तकातही सापडणार नाही. या पठारांचा वरचा थर म्हणजे सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे. सात-आठ हजार फूट उंचीवर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, पायाखालच्या चुनखडकात शिंपल्यांचे आणि स्पंजांचे अवशेष दिसतात.

त्या खडकावर काय उगवते? उंचावर पाँडेरोसा पाइनची मोठी अरण्ये, आणि त्यांत पांढऱ्या शेपटीची कैबाब खार, जी या पठाराखेरीज जगात मूळची दुसरीकडे कोठेही नाही. खाली उतरले की पिन्यन पाइन आणि जुनिपर यांची बुटकी, वाकडी, संथ वाढणारी झाडी. पिन्यनच्या बिया आपल्याकडे मिळणाऱ्या चिलगोज्यासारख्या असतात आणि तेथील आदिवासींचे ते पिढ्यान् पिढ्यांचे अन्न आहे. आणखी खाली सेजची करडी झुडुपे आणि गवत; त्यांच्यामध्ये जी उघडी जमीन दिसते ती उघडी नसतेच. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून विणलेली एक जिवंत साय तिच्यावर असते. तीच माती धरून ठेवते. एका टायरखाली ती मोडली की पुन्हा जमायला दशके लागतात. मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ‘काही नसलेले’ माळरान. १९५० नंतरच्या दशकांत सरकारच्या वनखात्यालाही तसेच दिसले. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून ती या झाडीतून ओढली गेली आणि खाजगी मालकांच्या गुरांना चरता यावे म्हणून पिन्यन-जुनिपरची वने मुळासकट उपटून टाकली गेली. ज्याला शोभा नाही त्याला मोल नाही, या तत्त्वाचा हा शासकीय आविष्कार होता.

पण पठाराचे सर्वांत मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. पठारावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ चुनखडकातल्या विवरांतून आणि भेगांतून खाली उतरतो आणि हजारो फूट खाली, दरीच्या भिंतींतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. दरीतली हिरवळ, प्राणी, तळाशी राहणारी माणसे या झऱ्यांवर जगतात. दक्षिण कड्यावरील हॉटेले, उपाहारगृहे आणि लाखो प्रवासी दशकानुदशके जे पाणी पीत आले, ते उत्तरेच्या कैबाब पठारावर पडलेले पाणी आहे. रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून निघून नळाने संपूर्ण दरी ओलांडून ते दक्षिणेस चढवले जाते. म्हणजे ज्या पठाराकडे प्रवाशाची पाठ असते, त्याचेच पाणी त्याच्या हातातील पेल्यात असते. दरी ही पठाराची कडा आहे. पठार मेले तर दरी उरेल, पण ती कोरड्या दगडाची भेग म्हणून उरेल.

देवळांची नावे आणि माणसांची हद्दपारी

या दरीत ‘विष्णुमंदिर’ आणि ‘शिवमंदिर’ या नावांची उत्तुंग शिखरे आहेत, हे वाचून आपल्यापैकी काहींचा ऊर भरून येईल. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नावे दिली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला या प्रदेशावरचा त्याचा ग्रंथ आजही मोलाचा मानला जातो. दरीच्या तळाशी असलेल्या अतिप्राचीन खडकालाही पुढे विष्णूचेच नाव मिळाले. डटनच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. परंतु हजारो मैलांवरच्या देवांची नावे कौतुकाने शिखरांना देणाऱ्या त्या संस्कृतीने, त्याच शिखरांच्या सावलीत शतकानुशतके राहणाऱ्या माणसांची नावे पुसली. त्या देवांचा आपल्याला अभिमान वाटत असेल तर तो वाटून घेण्याआधी हा दुसरा जमाखर्चही वाचावा.

त्या माणसांचे नाव हावासुपाई, म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक. उन्हाळ्यात ते दरीतल्या ओढ्याकाठी मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत. हिवाळ्यात पठारावर चढून शिकार करीत आणि पिन्यनच्या बिया गोळा करीत. दरी हे त्यांचे शेत होते आणि पठार हे त्यांचे कोठार. १८८२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशाने त्यांची हद्द दरीच्या तळाशी अवघ्या ५१८ एकरांवर आणून ठेवली. शेत ठेवले, कोठार काढून घेतले. अर्धे वर्ष ज्यावर जगायचे ते पठार सरकारी झाले.

पुढची पावले ‘संरक्षणा’ची आहेत, आणि म्हणूनच ती बारकाईने पाहिली पाहिजेत. १८९३ मध्ये राखीव वन, १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या घोषणेने राष्ट्रीय स्मारक, १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान. प्रत्येक पावलागणिक दरी अधिक सुरक्षित झाली आणि हावासुपाई अधिक परके झाले. दक्षिण कड्याखालच्या एका हिरव्या जागी त्यांची शेती होती. १९२८ मध्ये तेथील शेवटच्या हावासुपाई रहिवाशाला बाहेर काढले गेले, आणि ज्या जागेतून इंडियनांना हाकलले त्या जागेचे नाव मात्र ‘इंडियन गार्डन’ असे राहिले. ते बदलून ‘हावासुपाई गार्डन्स’ करण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले.

जमीन परत मिळवण्यासाठी या छोट्या जमातीने जवळजवळ शतकभर अर्ज, विनंत्या आणि शिष्टमंडळे यांचा मार्ग सोडला नाही. अखेर १९७५ च्या कायद्याने पठारावरची सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली. या मागणीला विरोध कोणी केला? खाणमालकांनी नव्हे. देशातील नामवंत निसर्गरक्षक संघटनांनी, सिएरा क्लबने त्यांत पुढाकार घेऊन, असा युक्तिवाद केला की ही जमीन आदिवासींना दिली तर राष्ट्राच्या ठेव्याला धोका पोचेल. ज्यांनी ती भूमी हजार वर्षे न बिघडवता वापरली त्यांच्यापासून ती वाचवण्याची ही तळमळ होती! निसर्गप्रेम वर्गनिरपेक्ष आणि निष्पाप असते, असे मानणाऱ्यांनी १९७५ ची ही नोंद विसरू नये.

एक सौदा, ज्यात पठार विकले गेले

आता १९६० नंतरच्या दशकातला तो प्रसिद्ध लढा पाहू, ज्याचा उल्लेख पर्यावरण चळवळीच्या इतिहासात विजय म्हणून केला जातो. केंद्र सरकारच्या जलविकास खात्याने ग्रँड कॅन्यनच्या पट्ट्यात मार्बल कॅन्यन आणि ब्रिज कॅन्यन येथे दोन धरणे बांधण्याची योजना आखली होती. या धरणांच्या विजेवर कोलोराडोचे पाणी उपसून ते फीनिक्स आणि टुसॉन या वाळवंटी शहरांना पोचवायचे होते. देशभर संतापाची लाट उसळली. १९६६ मध्ये वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या, प्रतिनिधींच्या टेबलांवर पत्रांचा ढीग पडला, आणि १९६८ च्या कायद्यात दोन्ही धरणे वगळली गेली. हा लोकशक्तीचा खराच विजय होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

पण शहरांना पाणी तर हवेच होते आणि ते चढवायला वीज हवीच होती. धरणाऐवजी कोळशाची किंवा अणूची वीज स्वस्त पडेल, असे खुद्द धरणविरोधकांनीच आकडेवारीनिशी मांडले होते. सरकारने ते ऐकले. पेज या गावाजवळ, नावाहो लोकांच्या भूमीवर, २२५० मेगावॅटचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले. १९७४ पासून ते धूर ओकू लागले आणि सरकारचाच त्यात सुमारे चोवीस टक्के हिस्सा होता. कोळसा आला ब्लॅक मेसा या नावाहो आणि होपी यांच्या पठारावरून. तेथूनच दुसऱ्या एका वीजकेंद्रासाठी कोळशाचे पीठ करून ते पाण्यात कालवून २७३ मैल लांबीच्या नळातून वाहून नेले जात होते. १९७० ते २००५ पर्यंत, वर्षाला शंभर कोटी गॅलनांहून अधिक शुद्ध भूजल कोळसा वाहण्यासाठी खर्ची पडले. ज्या प्रदेशात पाऊस दुर्मिळ आणि झरे पवित्र, त्या प्रदेशात! या खाणीचे करार होत असताना होपींच्या वतीने काम पाहणारा वकील त्याच काळात खाण-कंपनीचेही काम करीत होता, हे पुढे कागदपत्रांवरून उघड झाले.

दरी वाचली. तिचे मोल पठाराने चुकते केले. जिचे छायाचित्र भिंतीवर लावता येते तिच्यासाठी देश उभा राहिला; जिचे छायाचित्र कोणी काढत नाही ती खणली गेली, जाळली गेली, उपसली गेली. आणि तिच्यावरून गेलेल्या उच्चदाबाच्या तारांखाली हजारो नावाहो घरांत दिवा लागला नाही.

येथे आपल्याला एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या खाणीत आणि त्या वीजकेंद्रात काम करणारे बहुसंख्य कामगार नावाहोच होते. संघटित, बऱ्या वेतनाचे, आरोग्यविम्याचे संरक्षण असलेले ते रोजगार होते. होपी जमातीच्या सार्वजनिक खर्चाचा फार मोठा भाग कोळशाच्या उत्पन्नावर चालत होता. २०१९ मध्ये खाण आणि वीजकेंद्र दोन्ही बंद पडली. ती लोकांच्या आंदोलनाने नव्हे, तर नैसर्गिक वायूची वीज स्वस्त झाल्यामुळे बंद पडली. नफा संपला तेव्हा मालक गेले. कामगार, रिकामी तिजोरी आणि खालावलेले झरे मागे राहिले. ‘खाण हवी की नको’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्यांना हे दृश्य अडचणीचे वाटेल. खरा प्रश्न असा की, खाण उघडण्याचा आणि बंद करण्याचा, दोन्ही निर्णय ज्यांच्या भूमीवर ते घडतात त्यांच्या हाती का नव्हते?

१८७२ चा कायदा आणि युरेनियम

आज त्या पठारांवर जे संकट आहे त्याचे नाव युरेनियम. या पठारांच्या पोटात उभ्या नळीच्या आकाराचे, मोडक्या खडकाने भरलेले स्तंभ आहेत आणि त्यांत चांगल्या प्रतीचे युरेनियम साठलेले आहे. ते काढण्याचा अधिकार ज्या कायद्याने मिळतो तो १८७२ सालचा आहे. त्या कायद्यानुसार सार्वजनिक जमिनीवर कोणीही खुणेचे खांब रोवून खनिजावर दावा सांगू शकतो, आणि सोने, तांबे, युरेनियम यांसारख्या खनिजांवर सरकारला स्वामित्वशुल्काचा एक पैसाही द्यावा लागत नाही. घोडागाडीच्या युगात एकट्या-दुकट्या खाणशोधकासाठी केलेला हा कायदा आज बड्या कंपन्यांची सनद झाला आहे. सार्वजनिक मालमत्ता फुकट घ्यावी, नफा खाजगी ठेवावा, आणि विष सार्वजनिक करावे. भांडवलशाहीची याहून संक्षिप्त व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

विष हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. दक्षिण कड्यावर, पर्यटकांच्या वस्तीपासून काही किलोमीटरांवर, १९५६ ते १९६९ या काळात ऑर्फन नावाची युरेनियम-खाण चालली. तिच्या खालच्या हॉर्न क्रीक या ओढ्याचे पाणी पिऊ नये, अशी सूचना उद्यानाचे अधिकारी आजही पदयात्रींना देतात. पूर्वेस नावाहो भूमीवर पाचशेहून अधिक परित्यक्त युरेनियम-खाणी आहेत. १९७९ च्या १६ जुलै रोजी न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे युरेनियम-गिरणीच्या गाळाचा बांध फुटला आणि सुमारे नऊ कोटी चाळीस लाख गॅलन किरणोत्सारी पाणी नावाहो मेंढपाळांच्या नदीत शिरले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झालेल्या थ्री माइल आयलंडच्या अपघाताने जग हादरले होते. चर्च रॉकचे नाव किती जणांना ठाऊक आहे? बाधित खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला, तोही अपुरा. २०२४ च्या जूनमध्ये त्याची मुदत संपू दिली गेली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तो पुन्हा जिवंत झाला. दरम्यान किती विधवांनी वाट पाहिली असेल? नावाहो राष्ट्राने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. २००५ मध्ये त्यांनी आपल्या भूमीवर युरेनियम-खाणकामाला बंदी घातली.

कोकोनिनो पठारावर, हावासुपाईंना पवित्र असलेल्या रेड ब्यूट या लाल टेकडीजवळ, एका खाणीला वनखात्याने १९८६ मध्ये परवानगी दिली. हावासुपाई न्यायालयात गेले आणि हरले. भाव पडल्यामुळे खाण वर्षानुवर्षे बंद राहिली. भाव चढू लागताच पुन्हा हालचाल सुरू झाली. २०१६ च्या सुमारास खोल खणत असताना खाणीच्या विहिरीत भूजल फुटले आणि तेव्हापासून आर्सेनिक व युरेनियम मिसळलेले कोट्यवधी गॅलन पाणी उपसावे लागले आहे. २०२३ च्या अखेरीस तेथे उत्पादन सुरू झाले. २०२४ च्या जुलैमध्ये खनिजाने भरलेले ट्रक कसलीही पूर्वसूचना न देता नावाहो भूमीवरून युटामधील गिरणीकडे निघाले. नावाहोंच्या अध्यक्षांनी आपल्या पोलिसांना ते अडवण्याचा आदेश दिला आणि वाहतूक थांबली. २०२५ च्या जानेवारीत करार झाल्यावरच ती पुन्हा सुरू होऊ शकली. अटी लादल्या गेल्या त्या केंद्रीय कायद्यामुळे नव्हे. जमिनीवर पाय रोवून उभ्या राहिलेल्या लोकांमुळे.

जमेची बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ मध्ये सुमारे दहा लाख एकरांवर नवे खाण-दावे वीस वर्षांपुरते थांबवले गेले. २०२३ च्या ८ ऑगस्टला त्याच प्रदेशातील ९ लाख १७ हजार एकरांहून अधिक पठारी भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. तिचे नाव ‘बाज न्वाव्हजो इताह कुकव्हेनी’. पहिले दोन शब्द हावासुपाई भाषेतले, पुढचे दोन होपी भाषेतले. अर्थ असा की जेथे आदिवासी वावरतात ती, आमच्या पूर्वजांच्या पाऊलखुणांची भूमी. त्या प्रदेशात प्रथमच पठाराला पठार म्हणून, आणि त्याच्या माणसांच्या शब्दांत, मान मिळाला. गुरे चारण्याचे आणि शिकारीचे चालू हक्क राखले गेले. व्यवस्थापनात जमातींच्या आयोगाला स्थान मिळाले. हे सारे जमातींनी अनेक वर्षे रेटलेल्या मागणीचे फळ आहे.

पण आधीपासून ‘वैध’ ठरलेल्या खाणी या संरक्षणातून सुटल्या आहेत. रेड ब्यूटजवळची खाण चालू आहे ती याच फटीतून. राज्याच्या विधिमंडळाने घोषणेविरुद्ध २०२४ मध्ये दावा लावला. तो २०२५ च्या जानेवारीत फेटाळला गेला, पण लगोलग २०२५ च्याच मे महिन्यात केंद्रीय न्याय खात्याने १९३८ पासूनचे आपले मत उलटवून असा अभिप्राय दिला की, पूर्वीच्या अध्यक्षांनी घोषित केलेली स्मारके नवा अध्यक्ष रद्द करू शकतो. एका सहीने मिळालेले संरक्षण दुसऱ्या सहीने जाऊ शकते. १८७२ चा कायदा जागच्या जागी आहे तोवर पठार तात्पुरत्या जामिनावर आहे, मुक्त नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप आज सुशिक्षितांकडून ऐकू येतो: पृथ्वी तापत आहे, कोळसा सोडायचा तर अणुशक्ती हवी, आणि अणुशक्तीला युरेनियम हवे. युक्तिवाद गंभीर आहे. त्याची टिंगल करून भागणार नाही. पण अमेरिकन सरकारच्याच अंदाजानुसार या स्मारकाच्या क्षेत्रात देशातील ज्ञात युरेनियम-साठ्यांपैकी केवळ १.३ टक्के साठा आहे. खाण-उद्योग म्हणतो, प्रत उत्तम आहे. असेल, मग प्रत उत्तम असल्याने होणारा जादा नफा कोणाचा, एवढेच विचारायचे उरते. १९६८ मध्ये स्वच्छ दरीसाठी पठार जाळले गेले. आता स्वच्छ हवेसाठी तेच पठार खणावे, असे सांगितले जात आहे. उद्देश प्रत्येक वेळी उदात्त असतो आणि बळी प्रत्येक वेळी तोच असतो. हा योगायोग नाही.

दुसरा आक्षेप: सरकारी भूगर्भतज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बहुसंख्य झऱ्यांचे पाणी पिण्यायोग्य मर्यादेत आढळले, मग भीती कसली? ही पाहणी खरी आहे आणि ती आनंदाची आहे. पण तिचा अर्थ ‘खुशाल खणा’ असा नव्हे. वाचवण्यासारखे अजून पुष्कळ शिल्लक आहे, असा तिचा अर्थ आहे. खडकातून पाणी किती वर्षांनी कोठे निघेल याचा हिशेब अनेकदा लागत नाही, आणि एकदा दूषित झालेला खोल जलसाठा धुऊन काढण्याची विद्या कोणापाशी नाही. दरीच्या तळाशी सुपाई गावात आजही टपाल खेचरांवरून जाते. त्या गावाचा ओढा बिघडला तर तेथील काही शे माणसांनी कोठे जावे? फीनिक्सला?

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. माळरानाचे कौतुक, फुलांचे आणि खारींचे प्रेम हे फुरसतीच्या वर्गाचे छंद आहेत. भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना समाजवाद्यांनी त्यांत वेळ का घालवावा, असे आपले कित्येक साथी म्हणत आले आहेत. या म्हणण्यात एक मोठी चूक आहे. सौंदर्याची दृष्टी ही सत्तेची दृष्टी असते. जे ‘सुंदर’ ठरते त्याला कायदा, कुंपण आणि अंदाजपत्रक मिळते. जे ‘ओसाड’ ठरते ते खाणीला, कचऱ्याला आणि विषाला मोकळे होते. २०२५ च्या जुलैमध्ये वणव्याने कैबाब पठारावरचे प्रसिद्ध जुने विश्रामगृह जळाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. त्याच वणव्यात सुमारे १ लाख ४५ हजार एकर क्षेत्र होरपळले. त्याचा उल्लेख एका आकड्यात आटोपला. कोणाकडे पाहायचे आणि कोणाकडे पाठ करायची, हे ठरवण्याची मक्तेदारी आपण भांडवलदारांच्या आणि प्रवासी-कंपन्यांच्या हाती सोडून दिली, तर भाकरीची लढाईही आपण अर्धी हरलेलो असतो. हावासुपाईंच्या लेखी पिन्यनचे झाड सुंदर आहे की उपयुक्त, हा प्रश्नच संभवत नाही. ते दोन्ही आहे, कारण ते त्यांचे आहे.

आणि हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. महसुलाच्या दप्तरात ‘पोटखराबा’ आणि ‘पडीक’ हे शब्द अजून जिवंत आहेत. कोकणातल्या कातळसड्यांना कोणी ओसाड म्हणत होते. त्याच सड्यांवर पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पे उजेडात आली आणि २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांपैकीच बारसूचा सडा तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी योग्य ठरवला गेला, तेव्हा २०२३ मध्ये गावकऱ्यांना पोलिसांसमोर उन्हात बसावे लागले. कास पठार फुलते म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले. पण न फुलणाऱ्या, नाव नसलेल्या शेकडो सड्यांचे काय? झारखंडमधील जादुगोडा येथे १९६७ पासून चाललेल्या युरेनियमच्या खाणीशेजारी राहणाऱ्या आदिवासींना चर्च रॉक समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून या दूरच्या पठाराकडून आपल्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. एक, कोणत्याही भूमीला ‘ओसाड’ हा शब्द लावला गेला की तो कोणी लावला आणि त्यानंतर तेथे काय येणार आहे, हे तत्काळ विचारावे. दोन, संरक्षणाची प्रत्येक योजना तेथील रहिवाशांच्या मालकीच्या आणि निर्णयाच्या हक्कापासून सुरू झाली पाहिजे. त्यांना वगळून आखलेले अभयारण्य आणि त्यांना वगळून आखलेली खाण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तीन, जेथे रोजगार खाणीवर अवलंबून आहे तेथे खाण बंद होण्याआधी पर्यायाची मागणी कामगार-संघटनांनी करावी. मालक निघून गेल्यावर ती करून उपयोग नसतो.

दरीच्या कड्यावर उभे राहून अवाक् व्हायला कोणाची हरकत नाही. फक्त पाहून झाल्यावर माणसाने एकदा मागे वळावे. तेथे कोणी उभे आहे. फार दिवसांपासून उभे आहे.